पिवळ्या पानांना पाणी घालू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेतल्या लिलीवर आलेला अर्ध्या पानाचा मजकूर वाचला. फोटो सुरेख होता. पण त्याचा परिणाम असा झाला की सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या शेजारच्या वहिनी झारी घेऊन पायरीवर उभ्या आणि फुटबॉल लिलीच्या कुंडीत भडाभडा पाणी ओततायत. मी कुंपणावरून ओरडले, "अहो वहिनी, हे काय?" तर म्हणाल्या, "सिस्टर, पेपरात आलंय. पानं पिवळी पडायला लागली की पाणी वाढवायचं आणि चमचाभर युरिया घालायचा."

पेपरात आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय! म्हणून हे पत्र थेट पेपरलाच लिहिते आहे. लांबलंय, याची कल्पना आहे. कापायचं झालं तर सुरुवातीचं कापा, कळलावीचा (तुमच्या ग्लोरी लिलीचा) भाग तेवढा ठेवा.

मी चिपळूणची. आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत अजून ‘सिस्टर’च म्हणतात. झाडांचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण ड्यूटीवर तापमान-नाडी लिहून ठेवायची सवय हाताला लागलेली, ती पुढे बागेला लागली. कुठल्या झाडाला कधी कळी आली, कधी पान गळलं, पाऊस कधी पडला, एवढंच लिहिते. २०२१च्या आधीच्या सगळ्या वह्या पुरात गेल्या. त्यामुळे माझ्याकडचा पुरावा तसा तोकडाच, पण तुमच्या लेखकांकडे तेवढाही असेल असं तो मजकूर वाचून वाटलं नाही.

पहिली गोष्ट. ‘लिली’ या एका शब्दात तुम्ही पाच-सहा वेगवेगळी झाडं कोंबलीत. माझ्या परसात ज्यांना आम्ही लिली म्हणतो अशी चार आहेत. मे महिन्यात लाल चेंडू येतो ती फुटबॉल लिली, कोणी तिला मे फ्लॉवर म्हणतं. मार्च-एप्रिलमध्ये पोकळ दांड्यावर भोंग्यासारखी केशरी-लाल फुलं येतात ती अमरॅलिस, पुस्तकातलं नाव हिपिॲस्ट्रम. वाफ्याच्या कडेने लावलेली गुलाबी-पांढरी रेन लिली. आणि विहिरीजवळ माजलेली स्पायडर लिली. यातली एकही मूळची आपली नाही. फुटबॉल आफ्रिकेची, बाकीच्या तिघी अमेरिका खंडातल्या. आणि खरं सांगायचं तर यातली एकही लिली नाही. वनस्पतिशास्त्रवाले आता या चौघींना ज्या कुळात घालतात त्यातच आपला कांदा आणि लसूण येतात. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण कांद्याची तब्येत कशी सांभाळायची ते आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. काढलेला कांदा आपण पावसात ठेवतो का? त्याला रोज पाणी पाजतो का? माळ्यावर, हवेशीर, कोरड्यात ठेवतो. मग लिलीच्या कांद्यानेच काय घोडं मारलंय?

तुम्ही फोटो छापला तो मात्र खऱ्या लिलीचा, म्हणजे लिलियमचा. गुलाबी, आत ठिपके, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, ती ओरिएंटल लिली. पुष्पगुच्छात असते ती. तिचे कांदे बहुतेक हॉलंडहून येतात आणि आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये लागतात. मजकूर एकीचा आणि फोटो दुसरीचा, म्हणजे पेशंट एक आणि केसपेपर दुसऱ्याचा असं झालं. आमच्या वॉर्डात असं झालं असतं तर मेट्रनने उभं केलं असतं.

त्या खऱ्या लिलीचाही अनुभव घेऊन झालाय. चार वर्षांपूर्वी मुलाने माझ्या वाढदिवसाला ऑनलाइन तीन कांदे मागवून दिले. ओलसर भुशाच्या पिशवीत आले होते, कारण या कांद्याला आपल्या कांद्यासारखा वरचा कागदी पापुद्रा नसतो. नुसते जाड खवले एकमेकांवर बसलेले असतात, उघड्यावर ठेवले की सुकतात. दिसतो अगदी लसणाच्या गड्ड्यासारखा. सूनबाईंनी एक चिरायला घेतलाही होता, वेळेवर पाहिलं म्हणून वाचला. डिसेंबरात खोल लावले, चांगले चार बोटं मातीखाली, कारण या झाडाला कांद्याच्या वर खोडालाही मुळं फुटतात. तिन्ही उगवले, दोन फुलले, घरभर वास. गल्लीतली माणसं बघायला आली. दुसऱ्या वर्षी नुसती पानं, तीही करंगळीएवढी. तिसऱ्या वर्षी माती उकरली तर काहीच नव्हतं.

यात माझी चूक नव्हती आणि कांद्याचीही नव्हती. या झाडाला हिवाळा लागतो. कडक थंडीचे काही आठवडे कांद्याला मिळाले तर आत फुलाची तयारी होते. विकत आलेल्या कांद्याला ती थंडी शीतगृहात आधीच दिलेली असते, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांकडे फुलतो आणि सगळे खूश होतात. चिपळूणच्या जानेवारीला तो थंडी मानत नाही. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दीड-दोन महिने ठेवून बघा म्हणतात. मीही ठेवला, पण शेजारी सफरचंदं होती आणि पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो तो आतली कळी मारतो, हे मला नंतर कळलं. पुन्हा करायचा धीर झाला नाही. फ्रिज सूनबाईंचा आहे.

आपल्या देशात या खऱ्या लिल्या नाहीतच असं नाही, पण त्या डोंगरावरच्या. दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या उंचीवर पांढरी, लांब भोंग्याची निलगिरी लिली आहे. मणिपूरमध्ये उखरूलजवळच्या शिरुई डोंगरावर फिकट गुलाबी घंटेसारखी शिरुई लिली येते, ती त्या राज्याचं राज्यफूल आहे. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या ब्रिटिश वनस्पती-संग्राहकाने १९४६ मध्ये ती जगापुढे आणली आणि तिच्या शास्त्रीय नावात बायकोचं माहेरचं आडनाव घातलं. माझा पुतण्या लष्करात असताना तिकडे होता. तो म्हणाला, "काकी, जूनमध्येसुद्धा वर स्वेटर लागतो." बस, मला उत्तर मिळालं. स्वेटर लागेल तिथे लिलियम, छत्री लागेल तिथे आपल्या या बाकीच्या.

आता मुख्य तक्रार. पानं पिवळी पडली की पाणी वाढवा.

फुटबॉल लिलीचं वर्ष मी तुम्हाला सांगते, कारण वहिनींच्या कुंडीत तीच होती. एप्रिलअखेरपर्यंत कुंडीत काही दिसत नाही. नवा माणूस म्हणेल, यात काही लावलेलंच नाही. मग एक दिवस माती फुगते आणि बोटाएवढं टोक वर येतं. रंगाऱ्याचा ब्रश पाण्यात बुडवून निथळायला उभा ठेवलाय असं ते दिसतं. बुंध्याला जांभळट-लाल ठिपके असतात, अंगावर गोवर उठल्यासारखे. दोन-तीन दिवसांत वरचं पातळ आवरण फाटतं आणि आत शंभरच्या वर बारीक फुलं घट्ट बांधलेली. ती एकदम उघडत नाहीत. मी एकदा दुपारी स्टूल घेऊन समोर बसले होते. आधी कडेची, मग आतली, आणि प्रत्येकीतून केसर ताठ बाहेर येतात, त्यांच्या टोकाला पिवळे कण. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी चेंडू गोल झाला. तो आठ-दहा दिवस टिकतो. त्याच्या मागोमाग पानं येतात, मोठी, केळीच्या पिल्लासारखी, आणि खरा संसार तिथून पुढे सुरू होतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ही पानं कांद्यात अन्न भरत असतात. खत द्यायचं ते या दिवसांत. मी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड देते, महिन्यातून एकदा, गणपतीपर्यंत. नंतर बंद.

दिवाळी उलटली की पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात. हा आजार नव्हे. पोट भरलं, आता झोप आली, एवढंच. त्या वेळी कांदा पानातला उरलासुरला रस आत ओढून घेत असतो, म्हणून पिवळं पान कापायचंही नाही. आपोआप सुकून, ओढल्यावर हातात आलं की काढायचं. पाणी आधी कमी, मग बंद. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कुंडी कोरडी. मी माझ्या कुंड्या जिन्याखाली आडव्या करून ठेवते, म्हणजे चुकून कोणी पाणी घालायला नको. आमच्या घरी पाहुणे आले की हमखास कोणीतरी "अरेरे, ही झाडं मेली वाटतं" म्हणून लोटाभर पाणी ओतून जातं. लोकांची दया मोठी. झोपलेल्या कांद्याला पाणी मिळालं तर त्याला पानं नसतात, ते पाणी तो खर्च कुठे करणार? आतल्या आत मऊ पडतो, मग वास येतो. वर युरिया घातला तर विचारूच नका. झोपलेल्या माणसाच्या तोंडात जेवण कोंबल्यासारखं आहे ते.

माझ्या वहीतल्या तारखा देते. पहिली कळी मातीबाहेर दिसली ती २०२२ मध्ये २९ मे, २०२३ मध्ये १२ मे, २०२४ मध्ये ९ मे. यातली २०२२ची तारीख उशिराची का, ते सांगायला हवं.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे खालचा मजला पूर्ण गेला. आम्ही वरच्या मजल्यावर मेणबत्ती लावून बसलो होतो. पाणी उतरल्यावर परसात वीतभर गाळ होता, काळा, चिकट, रॉकेलचा वास मारणारा. त्यावर कोणाची तरी प्लास्टिकची खुर्ची, कोणाचं शाळेचं दप्तर. त्या वेळी बाग डोक्यातच नव्हती. पंधरा दिवस आम्ही भांडी, गाद्या, कागद यातच होतो. एका सकाळी कपडे वाळत घालायला मागीलदारी गेले तर गाळाला भेगा पडलेल्या आणि एका भेगेतून रेन लिलीची पाच गुलाबी फुलं सरळ उभी. पानं दिसत नव्हती, नुसती फुलं. मी यजमानांना हाक मारली. ते आले, बघितलं, काही बोलले नाहीत, हातातलं फावडं तिथेच ठेवून आत गेले. त्या कोपऱ्यातला गाळ त्यांनी दिवाळीपर्यंत उपसला नाही.

अमरॅलिसचे कांदे मात्र गेले. वीसेक होते, चार वाचले. उकरले तेव्हा बोटाने दाबले जात होते. स्पायडर लिलीला ढिम्म काही झालं नाही, ती गाळातही वाढतच होती. फुटबॉलचा मला काही भरवसा नव्हता, कारण तिच्यावर आधीचा मातीचा थर आणि वर तो वीतभर गाळ. मे उजाडला, तारीख उलटली, काही नाही. मी सोडून दिलं. २९ मेला फुगलेली जागा दिसली. तो दांडा गाळातून येताना वाकडा झाला होता आणि चेंडूही एका बाजूला चेपलेला. ती माझ्या नव्या वहीतली पहिली नोंद.

रेन लिलीबद्दल फार लिहायला नको, तिला कोणाची गरज नसते. कडक उन्हात वाळून गवतासारखी होते आणि वळवाची एक चांगली सर पडली की चौथ्या-पाचव्या दिवशी फुलते. नळाचं पाणी रोज घातलं तर पानंच वाढतात. आधी कोरडं आणि मग एकदम भिजणं, हे तिला लागतं. तुमच्या मजकुरात तिला ‘नियमित पाणी’ लिहिलंय. घाला, हिरवळ छान होईल.

अमरॅलिसला कोकणात जपावं लागतं. घाटावरच्या आमच्या नणंदबाई कांदा लावून विसरतात आणि होळीला फुलं मोजतात. इथल्या पावसात तसं चालत नाही. मी जमिनीत लावणं सोडलं. जांभ्याचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समसमान घालून उंचवटा करते आणि त्यावर कांदा असा बसवते की त्याची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहील. कांदा पुरायचा नसतो, बसवायचा असतो. पानांवर लाल चट्टे आले तर ते पान तळापासून काढून जाळायचं आणि पाणी पानांवरून घालायचं नाही.

आणि अळी! याबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही, आणि पावसाळ्यात जिच्याकडे लिली आहे तिच्याकडे ही अळी आहेच. काळी, अंगावर पांढरे ठिपके आणि लाल-केशरी डाग, दिसायला देखणी. लहान असताना झुंडीने पानाच्या आतल्या गरात असतात, तेव्हा पान नुसतं फिकट, पारदर्शक झाल्यासारखं वाटतं. तेव्हाच पान उलटून बघायचं. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर पानं संपवून त्या कांद्याच्या मानेत उतरतात. वहिनी त्यावर भाताच्या शेतात मारायचं औषध आणणार होत्या, मी नको म्हटलं. मी संध्याकाळी टॉर्च आणि ड्रेसिंगचा जुना चिमटा घेऊन जाते. साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरायचा, एकेक उचलायची, आत टाकायची. गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्रेसष्ट मोजल्या. बत्तीस वर्षं ज्या चिमट्याने जखमा साफ केल्या तो आता या कामाला, पण काम तेच आहे असं मला वाटतं.

स्पायडर लिली कशी लावायची हे विचारू नका, कशी आवरायची ते विचारा. मात्र तिच्या फुलांबद्दल एक. वसई-पालघरकडे तिची शेती होते आणि बाजारात नुसतं ‘लिली’ म्हणून जुड्या मिळतात, त्या हिच्याच न उमललेल्या कळ्या. हार-वेण्यांत गुंफतात. माझी वसईची मावशी पहाटे कळ्या खुडायला जायची, कारण उमलल्यावर त्या विकल्या जात नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं, "मावशी, फुललेलं कोणी घेत नाही का?" तर म्हणाली, "फुललेलं आपल्याला." संध्याकाळी तिच्या दारात उरलेल्या लिल्यांचा वास असायचा.

आता ज्यासाठी खरं म्हणजे पेन उचललं ते.

मजकुराच्या शेवटी चौकटीत लिहिलंय, ‘कळलावी अर्थात ग्लोरी लिलीही जरूर लावा, पावसाळ्यात रानात तिचे कंद सहज मिळतात.’ हे वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

कळलावी सुंदर आहे, वाद नाही. पानाच्या टोकाचा दोरा करून ती कुंपणावर चढते. फूल आधी हिरवट, मग पिवळं, मग पेटत गेल्यासारखं लाल होतं, पाकळ्या वर उलटतात. आमच्याकडे गौरीच्या दिवसांत ती हवीच. पण तिच्या कंदापासून बीपर्यंत सगळीकडे विष आहे. त्या विषाचं नाव कोल्चिसिन. गाउट म्हणून सांध्यांचा जो आजार आहे त्यावर डॉक्टर याच कोल्चिसिनची गोळी देतात, अर्ध्या मिलिग्रॅमची. अर्धा मिलिग्रॅम! तेवढी देतानाही जुलाब होतात का यावर आम्ही लक्ष ठेवायचो. आणि तुम्ही वाचकांना कंद उकरायला पाठवताय.

नव्वदच्या दशकात मी एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात होते. गावाचं नाव देत नाही, घरातली माणसं अजून आहेत. पावसाळ्यात एका रात्री दोघा भावांना डोलीतून आणलं. उलट्या-जुलाब इतके की आम्ही कॉलराच समजलो. सलाइन लावलं. आई सोबत होती, ती एकच सांगत होती, "कणगरं भाजून खाल्ली बाय, दुसरं काय नाय." कणगरं म्हणजे आमच्याकडे खातात ते कंद. आमच्याकडची म्हातारी आया मागे उभी होती. तिने विचारलं, उरलंय का काही? आईने पदराची गाठ सोडली. आत अर्धा भाजलेला कंद, नांगराच्या फाळासारखा काटकोनात वाकलेला. आयाने हातात घेतलासुद्धा नाही. म्हणाली, "सिस्टर, ही कळलावी हाय." संस्कृतात तिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, हे मला पुढे कळलं. आयाला ते नाव माहीत असायचं कारण नव्हतं, तिला कंदाचा आकार माहीत होता. दोघांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तीन आठवड्यांनी धाकटा परत आला. डोक्यावरून हात फिरवला की केसांचे झुबके हातात येत होते, हे विष तसंच करतं. तो बाकावर बसून ते केस गोळा करून खिशात ठेवत होता. थोरला आला नाही.

म्हणून, कळलावी लावायचीच असेल तर रोपवाटिकेतून आणा किंवा बी पेरा, दोन-तीन वर्षं धीर धरा, हातमोजे घाला, लहान मुलं आणि गुरं जातील तिथे लावू नका. आणि बागेतल्या कुठल्याच लिलीचा कांदा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवू नका. अमरॅलिस, स्पायडर, रेन लिली, फुटबॉल, सगळ्यांचे कांदे पोटात गेले तर त्रास देतात. कांद्या-लसणाची भावंडं असली तरी स्वभाव वेगळा.

रानातून कंद आणण्याबद्दल आणखी एक. पहिल्या पावसानंतर आमच्या सड्यांवर, जिथे वर्षभर नुसता काळा कातळ असतो, तिथे दिपकाडीची पांढरी फुलं येतात. दिपकाडी कोकण किनाऱ्याची, जगात दुसरीकडे कुठे नाही. हल्ली फोटो काढायला गाड्या येतात, त्याला माझी ना नाही. पण दोन वर्षांपूर्वी एक जोडपं खुरपं आणि पिशवी घेऊन आलेलं मी पाहिलं. "बाल्कनीत लावू" म्हणाले. कातळाच्या खळग्यातल्या चार बोटं मातीत जे उगवतं ते बाल्कनीत काय जगणार? मी सिस्टरच्या आवाजात बोलले, तेव्हा ठेवलं त्यांनी. उद्या तुमची चौकट वाचून आणखी चारजण येतील.

आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी. फोटोतली खरी लिली आणि डे लिली या दोन्ही मांजराला मारक आहेत. पान चावलं, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, अंगावर पडलेले परागकण चाटले, तरी मूत्रपिंडं निकामी होतात, दोन-तीन दिवसांत. माझ्या मुलीकडे पुण्यात बारशाला कोणी तरी मोठा गुच्छ आणला होता. मी तो उचलून थेट जिन्यात ठेवला, पाहुण्यांना वाटलं सासूबाईंचं आणि व्याह्यांचं काही बिनसलंय. बिनसलं तर बिनसलं. मांजर धडधाकट आहे.

आपल्याकडे विनंती एवढीच की कळलावीची ती चौकट चुकीची होती असं पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकारात छापावं. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. पाण्या-युरियाचंही दुरुस्त झालं तर बरं, कारण आत्ता मार्गशीर्षात घरोघरी फुटबॉलची पानं पिवळी पडतायत.

वहिनींच्या कुंडीचं सांगायचं राहिलं. सोमवारीच आम्ही ती पालथी केली. तीन कांदे होते. दोन तळाशी मऊ पडले होते, म्हणजे हे पाणी एका दिवसाचं नव्हतं, त्यांनी आधीपासूनच मायेने चालवलं होतं. तिसरा टणक निघाला. त्याची कुजकी मुळं कापली, राख लावली, दोन दिवस पडवीत सावलीला ठेवला. आता तो माझ्या जिन्याखाली कोरड्या वाळूत आहे, वर तुमच्या पुरवणीचं पान झाकलंय. वहिनी रोज संध्याकाळी येऊन विचारतात, "थोडंसं शिंपडू का?"

माझं नाव कृपया छापू नये. गल्लीत कांदे मागायला रांग लागेल आणि मला अजून पिल्लं सुटी करायची नाहीत. ही झाडं दाटीत चांगली फुलतात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
चिपळूण